निवडणुकीचा निकाल हरलेल्या बाजूलाही पटावा, यासाठी नेमके काय करता येईल?

चौकस

जगातील अनेक लोकशाही देशांत गेली काही वर्षे एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते आहे. मतदान पार पडते, निकाल जाहीर होतो, आणि पराभूत बाजूच्या मतदारांपैकी मोठा वर्ग तो निकाल मनापासून स्वीकारत नाही. निवडणूक यंत्रणा सांगते की यंत्रे सुरक्षित आहेत, ती इंटरनेटला जोडलेली नाहीत, तज्ज्ञांनी ती तपासली आहेत. हे सारे खरे असेलही. परंतु ज्याचा यंत्रणेवरच भरवसा उरलेला नाही, त्याचे समाधान यंत्रणेच्याच शब्दाने कसे व्हावे, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

कोणत्या पक्षाने कोठे गैरप्रकार केला, या वादात मला शिरायचे नाही. यंत्रे पूर्णपणे काढून टाकून सर्व मते हाताने मोजणे हाच एक मार्ग आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. यंत्रे ठेवायची झाल्यास मतदानानंतर किती मते कागदावरून पडताळून पाहावीत, आणि त्या संख्येला काही शास्त्रीय आधार आहे की ती केवळ सोयीने ठरते? शिवाय मत नोंदवले गेल्यापासून अंतिम बेरीज जाहीर होईपर्यंतच्या वाटेत सर्वांत कच्चा दुवा कोणता? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा निवडणुकीचे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

संख्यावेडा

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करायला हव्यात. यंत्र सुरक्षित असणे ही एक गोष्ट. आणि यंत्रावर अजिबात विश्वास न ठेवता निकाल बरोबर आहे की नाही हे तपासता येणे, ही दुसरी. पहिलीवर कितीही खर्च केला तरी दुसरीची उणीव भरून निघत नाही, असे माझे ठाम मत आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बेल्जियममधील आहे. ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात मे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या नावावर ४०९६ मते जादा नोंदली गेली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणकाच्या स्मृतीतील एकच बिट शून्याचा एक झाला, तर नेमका एवढाच फरक पडतो. तपासात सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला नाही आणि तो बिट आपोआप उलटला असावा, अशा निष्कर्षाला तज्ज्ञ आले. चूक लक्षात आली ती एवढ्याचमुळे, की त्या उमेदवाराला मिळालेली मते त्या ठिकाणी शक्य असलेल्या मतांपेक्षा जास्त भरली. तोच बिट थोड्या खालच्या स्थानावर उलटला असता, तर जादा मते ६४ किंवा १२८ झाली असती आणि कोणाला संशयही आला नसता. येथे कोणी घुसखोरी केली नव्हती, कोणाचा हेतूही वाईट नव्हता. म्हणून 'यंत्र हॅक होऊ शकते का' हा नेहमीचा प्रश्न मला अपुरा वाटतो. यंत्र चुकले, कारण काहीही असो, तर ते आपल्याला कळेल का, हे विचारायला हवे.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ च्या निकालात याच मुद्द्यावर बोट ठेवले. २००५ च्या संसदीय निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रे त्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. घोटाळा झाल्याचे न्यायालयाने म्हटले नाही आणि ती निवडणूकही रद्द केली नाही. मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय पडताळून पाहता आले पाहिजेत, एवढी एकच कसोटी लावली, आणि त्या कसोटीला ती यंत्रे उतरली नाहीत. नेदरलँड्समध्ये २००६ साली नागरिकांच्या एका गटाने तेथील मतदान यंत्रांत फेरफार करता येतो हे दूरचित्रवाणीवर दाखवून दिले आणि काही काळातच तो देश कागदी मतपत्रिकांकडे परतला.

याचा अर्थ सर्वत्र हातानेच मोजावे असा मी काढत नाही. मतपत्रिकेवर एक-दोनच निवडी असतील तर हाताने मोजणे सहज शक्य असते. जर्मनी आणि ब्रिटन आजही तसेच करतात. एकाच मतपत्रिकेवर अनेक पदांच्या निवडणुका असल्या, की माणसे थकतात आणि चुका वाढतात. अशा ठिकाणी मोजणी यंत्राने करावी, परंतु मतदाराने स्वतः पाहिलेला कागद मागे राहिला पाहिजे आणि त्या कागदावरून निकालाची पडताळणी झाली पाहिजे.

आता किती कागद तपासायचे ते पाहू. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी २००८ च्या सुमारास मांडलेली पद्धत येथे उपयोगी पडते. तिला आपण जोखीम-मर्यादित पडताळणी म्हणू. जाहीर झालेला विजेता चुकीचा असेल, तर ती चूक पडताळणीतून निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त किती चालेल, हे आधी ठरवायचे. मग यादृच्छिक पद्धतीने कागद काढत जायचे, आणि निकालाच्या बाजूने पुरेसा पुरावा जमेपर्यंत थांबायचे नाही. पुरावा जमलाच नाही, तर शेवटी सर्व कागद हाताने मोजायचे आणि तोच निकाल धरायचा.

दोन उमेदवारांत दहा टक्क्यांचा फरक असेल आणि निसटण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत ठेवायची असेल, तर सरासरी ६०० च्या आसपास मतपत्रिका पाहणे पुरते. फरक एक टक्क्यावर आला की हीच संख्या ६० हजारांच्या घरात जाते, कारण फरक दहा पटींनी घटला की नमुना शंभर पटींनी वाढतो. मात्र प्रत्येक मतपत्रिकेची यंत्राने केलेली नोंद स्वतंत्रपणे उपलब्ध असेल आणि ती त्याच कागदाशी ताडून पाहता येत असेल, तर एक टक्क्याच्या फरकालाही सहा-सातशे मतपत्रिका पुरतात, अर्थात त्या नोंदींशी जुळत असतील तर. एकूण मतदार दहा लाख आहेत की दहा कोटी, याने या संख्येत फारसा बदल होत नाही. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेले किती मोठे आहे याने बिघडत नाही. शिते सगळीकडून घेतली पाहिजेत, एवढेच.

आणि ती सगळीकडून घेतली जात आहेत, हेही लोकांना दिसले पाहिजे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ मध्ये संपूर्ण राज्यात ही पद्धत प्रथम वापरली, तेव्हा लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून वीस अंकी संख्या तयार केली आणि तिच्या आधारे कोणत्या मतपत्रिका काढायच्या ते ठरले. मतपत्रिकांची यादी आणि यंत्राचे आकडे आधीच निश्चित करून ठेवले होते, त्यामुळे फासे पडल्यावर सोयीच्या मतपत्रिका पुढे करण्याची संधी कोणालाही उरली नाही.

याउलट ठरावीक संख्येचा नियम काय करतो, ते भारताच्या उदाहरणावरून पाहता येते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच मतदान केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर मतदाराला दिसणाऱ्या छापील चिठ्ठ्या) मोजून यंत्राच्या आकड्यांशी जुळवल्या जातात. समजा एका क्षेत्रात ३०० केंद्रे आहेत आणि त्यांपैकी ३० केंद्रांचे आकडे चुकले आहेत. पाच केंद्रांच्या नमुन्यात त्यांतील एक तरी सापडण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के येते. सहा विधानसभा क्षेत्रांच्या लोकसभा मतदारसंघात मिळून ३० केंद्रे तपासली जातात. तेथे सर्वत्र याच प्रमाणात गडबड असेल, तर ती उघड होण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जाते. पण चूक एका क्षेत्रातील तीनच केंद्रांपुरती असेल, तर ती सापडण्याची शक्यता शंभरात पाच एवढीच राहते, आणि काही शे मतांनी लागलेला निकाल फिरवायला तीन केंद्रे पुरेशी असतात. मोठ्या फरकाच्या जागी पाच केंद्रे पुष्कळ झाली आणि निसटत्या निकालात ती अगदी तोकडी पडतात. म्हणून तपासायच्या केंद्रांची संख्या विजयाच्या फरकाशी बांधलेली असावी. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे.

माजी केंद्राध्यक्ष

वरील प्रतिसादातील गणिताशी मी सहमत आहे. परंतु त्यात एक गृहीत धरलेले आहे, ते म्हणजे तपासायला घेतलेला कागद तोच आहे, जो मतदाराने पाहिला होता. हे गृहीत खरे ठेवण्याचे काम मतदान केंद्रावरच्या माणसांचे असते, आणि त्याविषयी चर्चा फार कमी होते.

मतदान संपल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास डोळ्यांसमोर आणा. सर्वजण पहाटेपासून कामाला लागलेले असतात, बाहेर वाहन थांबलेले असते आणि प्रत्येकाला निघण्याची घाई असते. त्याच वेळी नोंदवहीत सह्या किती झाल्या आणि यंत्रात मते किती नोंदली गेली, हे दोन आकडे जुळवायचे असतात. कधी त्यात एकाचा फरक येतो, कारण एखादा मतदार सही करून मत न देताच निघून गेलेला असतो. तो त्याच क्षणी नोंदवहीत शेरा मारून लिहिला असेल, तर मतदान प्रतिनिधी समजून घेतात. लिहिला नसेल आणि रात्री कोणी 'एकाने काय होते' म्हणत आकडा जुळवून टाकला, तर पुढे न्यायालयात त्या एका आकड्यावरून संपूर्ण केंद्राचे कागद संशयास्पद ठरू शकतात. न जुळलेला आकडा कारणासह लिहिणे हे जुळवलेल्या आकड्यापेक्षा केव्हाही अधिक विश्वासार्ह असते, हे मी नव्या कर्मचाऱ्यांना नेहमी सांगत आलो.

सीलचेही तसेच. सील लावले म्हणजे पेटी सुरक्षित झाली, असा समज असतो. सीलचा उपयोग ते तोडले गेल्याचे कळावे एवढाच, आणि ते कळण्यासाठी त्याचा क्रमांक सर्व प्रतिनिधींनी स्वतः वाचून आपापल्या कागदावर उतरवून घेतलेला असावा लागतो. पेटी उघडताना तो क्रमांक मोठ्याने वाचला जावा आणि प्रत्येकाने तो आपल्याजवळच्या नोंदीशी पडताळावा. हे होत नसेल, तर सील म्हणजे पेटीभोवतीचा निव्वळ एक धागा उरतो. मतदान सुरू होण्यापूर्वीच्या चाचणी मतदानालाही हेच लागू आहे. भारतात त्यात किमान ५० मते टाकून पाहिली जातात, परंतु त्या पहाटेच्या वेळी सर्व उमेदवारांचे प्रतिनिधी हजर नसतील, तर ज्यांची खात्री पटायला हवी तेच तेथे नसतात. या बाबतीत पक्षांचीही जबाबदारी मोठी आहे. प्रशिक्षित प्रतिनिधी प्रत्येक केंद्रावर न पाठवता नंतर आरोप करणे मला मान्य नाही.

कार्यपद्धतीतील ढिलाईची किंमत किती मोठी असू शकते, हे ऑस्ट्रियाने अनुभवले. तेथील मे २०१६ च्या अध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत सुमारे ३१ हजार मतांनी निकाल लागला. टपाली मतांची पाकिटे काही जिल्ह्यांत ठरलेल्या वेळेआधी किंवा आवश्यक व्यक्तींच्या गैरहजेरीत उघडली गेल्याचे सिद्ध झाले. प्रत्यक्ष फेरफाराचा पुरावा मिळाला नाही, तरीही १ जुलै २०१६ रोजी घटनात्मक न्यायालयाने ती फेरी रद्द केली, कारण नियम मोडलेल्या मतांची संख्या विजयाच्या फरकाहून अधिक होती. पुढे फेरमतदानाची तारीखही २ ऑक्टोबरवरून ४ डिसेंबरवर ढकलावी लागली, कारण नव्या टपाली पाकिटांचा गोंद सुटत होता. मलावीमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या निकालपत्रकांवर पांढरे खोडद्रव्य लावून आकडे बदललेले आढळले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने अध्यक्षपदाची ती निवडणूक रद्दबातल केली. दोन्ही प्रकरणांत अत्याधुनिक तंत्रज्ञानाचा प्रश्नच नव्हता. पाकीट कोणी, केव्हा आणि कोणासमोर उघडले, आकडा खोडला तेव्हा शेजारी सही केली की नाही, अशाच साध्या गोष्टींवर सारे अडले.

वाचनवेल्हाळ

सर्वांत कच्च्या दुव्याविषयी विचारले आहे, तर माझ्या मते तो केंद्रावरील निकालपत्रक आणि अंतिम बेरीज यांच्या मध्ये असतो. केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०१७ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली, त्यामागे निकाल केंद्रावरून मुख्यालयाकडे पोहोचवण्यातील गंभीर त्रुटी हे प्रमुख कारण होते. २०२२ मध्ये तेथील आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांच्या मूळ निकालपत्रकांची छायाचित्रे जाहीर संकेतस्थळावर ठेवली. ती पाहून वृत्तसंस्थांनी आणि सामान्य नागरिकांनीही स्वतःच बेरजा केल्या. निकाल अत्यंत अटीतटीचा लागला, आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी तो नाकारला, तरीही न्यायालयात तो टिकला. आयोगातच फूट पडलेली असताना कागद सर्वांसमोर होते, हे फार मोलाचे ठरले, असे मला वाटते.

व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ च्या निवडणुकीनंतर नेमके उलटे घडले. आयोगाने विजेता जाहीर केला, पण केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध केले नाहीत. विरोधकांनी आपल्या प्रतिनिधींना केंद्रांवर मिळालेल्या छापील निकालपत्रकांच्या प्रती गोळा करून ८० टक्क्यांहून अधिक पत्रके स्वतः प्रसिद्ध केली, आणि त्यांतून वेगळेच चित्र पुढे आले. केंद्रावर छापलेली प्रत प्रतिनिधीच्या हाती देण्याचा नियम तेथे नसता, तर विरोधकांकडे दाखवण्यासारखे काहीच उरले नसते.

संकेतस्थळावर दिसणारा आकडा म्हणजे निकाल नव्हे, हेही लोकांना आधीपासून सांगायला हवे. युक्रेनमध्ये मे २०१४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत आयोगाच्या संकेतस्थळावर खोटा विजेता दाखवण्याची तयारी घुसखोरांनी केली होती. निकाल दाखवण्याच्या जेमतेम तासभर आधी ती पकडली गेली. मते कागदावर असल्याने खऱ्या निकालाला धोका नव्हता, पण तो खोटा फलक लोकांसमोर आला असता तर पुढचा गोंधळ निस्तरणे कठीण झाले असते.

चौकस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका उरतात. ऑनलाइन मतदानाने या सर्व कागदपत्रांची गरजच संपेल, असे काही जण म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे? आणि दुसरी शंका अधिक गंभीर आहे. अमेरिकेत २०२० मध्ये अनेक राज्यांत कागद होता, फेरमोजणी झाली, तरीही कोट्यवधी लोकांनी निकाल मानला नाही. मग या उपायांचा उपयोग काय झाला?

पाऊलवाट

ऑनलाइन मतदानापुरते लिहितो. बँकेचा व्यवहार चुकला तर खातेदाराला तो दिसतो, कारण व्यवहार त्याच्या नावावर असतो. मत मात्र गुप्त ठेवायचे असते, म्हणून नंतर नाव लावून ते तपासता येत नाही. आणि मतदाराला 'मी कोणाला मत दिले' याची पावती दिली, तर मते विकत घेणाऱ्याला आणि धमकावणाऱ्याला हवा तो पुरावा आयता मिळतो. एस्टोनियात २००५ पासून ऑनलाइन मतदान चालते आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते याच मार्गाने आली. दबावावर उपाय म्हणून तेथे मतदार आपले मत पुन्हा देऊ शकतो आणि शेवटचे मत धरले जाते. स्वित्झर्लंडमध्ये २०१९ साली नियोजित प्रणालीचा सोर्स कोड (मूळ संगणकीय आज्ञावली) अभ्यासकांसाठी खुला केला, तेव्हा मत कोणाचे हे कळू नये म्हणून केलेली मतांची सरमिसळ प्रामाणिकपणे झाल्याचा जो गणिती पुरावा प्रणाली देते, तोच बनावट तयार करता येतो असे संशोधकांनी दाखवले. ती प्रणाली मागे घेऊन सुधारावी लागली आणि मर्यादित प्रमाणात २०२३ मध्ये परत आली. कोड खुला केला म्हणूनच दोष वेळीच सापडला, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. परंतु असा पुरावा तपासू शकणारी माणसे जगात थोडीच असतात, आणि जर्मन न्यायालयाच्या सामान्य नागरिकाच्या कसोटीला ही पद्धत उतरत नाही.

संख्यावेडा

दुसऱ्या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. जॉर्जिया राज्यात २०२० मध्ये अध्यक्षपदाची सुमारे ५० लाख मते हाताने मोजली गेली. काही काउंटींत (जिल्ह्यांत) आधी मोजायच्या राहून गेलेल्या मतपत्रिका त्यात सापडल्या आणि बेरजेत मिळवल्या गेल्या. सुमारे १२ हजार मतांचा निसटता निकाल मात्र बदलला नाही. ज्यांनी निकाल न मानण्याचे आधीच ठरवले होते, त्यांच्यावर याचा परिणाम झाला नाही, हे खरे आहे. परंतु निकालावर शिक्कामोर्तब करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आणि न्यायाधीशांकडे, ज्यांतील अनेकजण पराभूत उमेदवाराच्याच पक्षाशी जवळीक असलेले होते, दबावापुढे ठाम राहण्यासाठी हातात काहीतरी होते. कागद नसता तर त्यांना केवळ यंत्राच्या शब्दावर उभे राहावे लागले असते. प्रत्येकाला पटवणे कोणत्याही पद्धतीला साधणार नाही; प्रामाणिकपणे शंका घेणाऱ्याला आणि निर्णय द्यायच्या जागी बसलेल्याला पुरेसा पुरावा मिळणे, ही माझ्या दृष्टीने योग्य अपेक्षा आहे.

त्याच वर्षी मिशिगनच्या अँट्रिम काउंटीत घडलेले प्रकरण वेळेचे महत्त्व दाखवते. मतपत्रिकेत ऐनवेळी झालेला बदल सर्व यंत्रांत अद्ययावत केला गेला नाही, म्हणून निकालाच्या रात्रीचे अनधिकृत आकडे उलटेच दिसले. चूक लगेच दुरुस्त झाली, आणि डिसेंबरमध्ये सर्व कागद हाताने मोजले तेव्हा दुरुस्त आकड्यांपेक्षा निव्वळ १२ मतांचा फरक आला. पण ही हाताची मोजणी मतदानानंतर सहा आठवड्यांनी झाली, आणि तोवर त्या पहिल्या आकड्यांवर रचलेली कहाणी देशभर पसरली होती. पडताळणी निकाल अधिकृतपणे जाहीर होण्याआधीच, प्रत्येक निवडणुकीत आणि कोणीही न मागता व्हायला हवी. ती मागणीवरून होऊ लागली, की पडताळणीचा आदेशच संशयाचा पुरावा म्हणून वापरला जातो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळताना दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. ही मुभा स्वागतार्ह आहे, पण ती मागणीवर अवलंबून आहे आणि तिचा रोख यंत्राच्या चिपवर आहे, कागदावर नाही.

यांतील एकच सुधारणा आधी करायची झाली, तर मी कागद न जुळल्यास पुढे काय, याचा नियम निवडेन. तपासलेल्या केंद्रावर फरक आढळला, तर किती फरकानंतर नमुना वाढवायचा, किती वाढवायचा, कोणत्या टप्प्यावर संपूर्ण मतदारसंघाचे कागद मोजायचे आणि तोपर्यंत निकाल रोखून धरण्याचा अधिकार कोणाला असेल, हे सर्व उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी लिहून जाहीर झालेले असावे. मतदानाआधी कोण हरणार हे कोणालाच ठाऊक नसते, आणि सर्व पक्षांना एकाच नियमावर सही करायला लावता येईल असा काळ तेवढाच असतो.